इंग्रजी वाक्प्रचार: अर्थ पाठ आहे, तरी वाक्य का फसतं?

चोपड्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. चारशे इंग्रजी वाक्प्रचार अर्थासकट पाठ आहेत, स्टाफ सिलेक्शनच्या पेपरात त्यावरचे प्रश्न चुकत नाहीत. पण आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या सरावात तेच वापरले की समोरचा एक तर हसतो, नाहीतर 'म्हणजे काय?' विचारतो. सोबत नमुन्याची चार वाक्यं आहेत:

'माय बॉस पुल्ड माय लेग, सो आय डिड नॉट गेट द प्रमोशन.'
'एव्हरीबडी वॉश्ड देअर हँड्स इन दॅट कॉन्ट्रॅक्ट.'
'माय ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट इयर.'
'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज, सो आय वॉज लेट.'

चारही वाक्यांच्या व्याकरणात खोट नाही. दुखणं मात्र एकसारखं नाही, त्यामुळे औषधही एक नाही.

पहिल्या दोन वाक्यांत इंग्रजीच्या कातड्याखाली मराठी बसली आहे. आपल्याकडे कुणी वर चढत असला की त्याचे पाय ओढतात, म्हणजे त्याला खाली खेचतात. इंग्रजीत 'पुल समवन्स लेग' म्हणजे खोटंनाटं सांगून गमतीने फसवणं, थट्टा करणं. त्यात वैर नाही. साहेबाने थट्टा केली म्हणून बढती गेली, असा त्या वाक्याचा अर्थ निघतो, आणि ऐकणारा हसणारच. या वाक्प्रचाराची चौकटही लक्षात घ्या: 'लेग' नेहमी एकवचनी, दोन्ही पाय ओढायचे नाहीत, आणि तो बहुतेक वेळा चालू काळात येतो, 'आर यू पुलिंग माय लेग?' म्हणजे 'चेष्टा करतोस का राव?' याच्या शेजारी तिसरा पाय उभा आहे: 'ड्रॅग युअर फीट'. ऐकताना वाटतं हेच आपलं पाय ओढणं. तेही नाही. ती मुद्दाम केलेली चालढकल, फाइल टेबलावर दाबून बसणाऱ्याची.

दुसरं वाक्य तर अर्थाच्या उलट्या टोकाला जातं. वाहत्या गंगेत सगळ्यांनी हात धुऊन घेतले, असं म्हणायचं होतं. इंग्रजीत 'वॉश युअर हँड्स ऑफ समथिंग' म्हणजे जबाबदारी झटकणं, अंग काढून घेणं. बायबलमध्ये रोमन अधिकारी पिलात जमावासमोर हात धुतो आणि या माणसाच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही असं सांगतो, तिथून हा आला. नंतर 'ऑफ' हवंच, 'इन' चालत नाही. ठेक्यात सगळ्यांनी मलिदा खाल्ला हे सांगायला 'गॉट ऑन द ग्रेव्ही ट्रेन' आहे. एकट्याने आपली तुंबडी भरली असेल तर 'फेदर्ड हिज ओन नेस्ट'.

शरीराच्या अवयवांचे वाक्प्रचार सर्वांत जास्त फसवतात, कारण दोन्ही भाषांत हात, पाय, डोकं, कान तेच आहेत. आधी जे जुळतात ते घ्या, ते फुकटचे आहेत. 'नाक मुरडणं' म्हणजे 'टर्न अप युअर नोज ॲट'. 'हात पोळणं' म्हणजे 'गेट युअर फिंगर्स बर्न्ट', फक्त तिथे हात नाही, बोटं पोळतात, आणि तेही बहुधा पैशाच्या व्यवहारात. शिकवलेलं डोक्यावरून गेलं तर 'इट वेंट ओव्हर माय हेड' अगदी तसंच चालतं. पण त्याच शब्दांना दुसरा अर्थ आहे: 'ही वेंट ओव्हर माय हेड' म्हणजे मला डावलून तो परस्पर वरच्या साहेबाकडे गेला. कर्ता 'इट' आहे की 'ही', एवढ्यावर अर्थ बदलतो.

आता न जुळणारे. 'कान भरणं' म्हणजे चहाडी. 'गिव्ह समवन ॲन इअरफुल' म्हणजे चांगलं खडसावणं. म्हणजे आपल्याकडे ती कानउघाडणी होते. आपण कान उघडतो, ते भरतात. 'शब्द गिळणं' म्हणजे ओठावर आलेलं न बोलणं. 'ईट युअर वर्ड्स' म्हणजे बोलून गेल्यावर 'माझं चुकलं' असं मान्य करायची वेळ येणं. 'हातपाय गार पडणं' वाईट बातमीने होतं. 'कोल्ड फीट' मात्र ठरवलेली गोष्ट ऐनवेळी करायचा धीर सुटल्यावर येतात, साखरपुड्यानंतर, नोकरीचा राजीनामा द्यायच्या आदल्या दिवशी. 'पोटात गोळा येणं' हे 'नॉट (म्हणजे गाठ) इन द स्टमक'च्या जवळ आहे. 'बटरफ्लाइज' हलके असतात, स्टेजवर जाण्याआधीचे. अलीकडे मराठी मजकुरातही प्रेमात पडलेल्यांच्या पोटात फुलपाखरं उडू लागली आहेत, ती तिकडूनच आली.

आजोबांच्या वाक्यात मात्र अर्थ बरोबर आहे, जागा चुकली आहे. 'किक द बकेट' म्हणजे मरणं, हे यादीत खरंच लिहिलेलं असतं. पण आपल्याकडे मरण्याला किती शब्द आहेत पाहा: निधन झालं, वारले, देवाज्ञा झाली, गेले, खपला, गचकला. दुखवट्याला बसलेल्या घरात जाऊन 'आजोबा कधी गचकले?' असं कुणी विचारत नाही. 'किक द बकेट' हे 'गचकला'च्या पंक्तीतलं आहे. 'पास्ड अवे' म्हणजे 'वारले'. अर्थांच्या यादीत हे सगळे शब्द एका ओळीत 'मरणे' म्हणून बसतात आणि तिथेच घोटाळा होतो. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत, ऑक्सफर्ड, केंब्रिज किंवा लाँगमन, वाक्प्रचाराच्या शेजारी तिरप्या अक्षरांत एक छोटा शब्द असतो: इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ह्युमरस, डिसअप्रूव्हिंग. अर्थाच्या आधी तो शब्द वाचायची सवय लावा.

कुत्र्या-मांजरांचा पाऊस हे शिळं अन्न आहे. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने 1738 साली हा वाक्प्रचार छापला, तोही त्या काळच्या घासून गुळगुळीत झालेल्या संभाषणांची थट्टा करताना. म्हणजे तेव्हाच त्याला वास यायला लागला होता. आपल्या शाळांनी तो जपून ठेवला आहे. बोलताना माणसं 'इट वॉज पोअरिंग' म्हणतात, 'आय गॉट सोक्ड' म्हणतात. यादीतल्या बऱ्याच लाडक्या नगांचं असंच आहे. 'ॲन ॲपल अ डे' मुलाखतीत ऐकून कुणाचंही मत चांगलं होत नाही.

अर्थ, जागा आणि ताजेपणा यांच्याशिवाय चौथी गोष्ट आहे, ती याद्यांमध्ये कधीच नसते: वाक्प्रचार किती वाकतो. काही दगडी असतात. 'ही किक्ड द बकेट' म्हणता येतं, पण 'द बकेट वॉज किक्ड बाय हिम' म्हटलं की खरोखरची बादली लवंडते. 'ही वॉज डाइंग फॉर थ्री वीक्स' चालतं. त्याच जागी 'वॉज किकिंग द बकेट फॉर थ्री वीक्स' चालत नाही. याउलट 'पुल स्ट्रिंग्ज', म्हणजे वशिला लावणं, हवं तसं वाकवा: 'स्ट्रिंग्ज वेअर पुल्ड', 'ही पुल्ड अ फ्यू स्ट्रिंग्ज', 'व्हॉट स्ट्रिंग्ज डिड ही पुल?'. 'स्पिल द बीन्स'ही तसाच, 'द बीन्स वेअर स्पिल्ड' कानाला खटकत नाही.

कोणता वाकेल हे ओळखायची खूण आहे. वाक्प्रचाराचे तुकडे करा आणि अर्थ तुकड्यांवर वाटता येतो का पाहा. 'स्ट्रिंग्ज' म्हणजे ओळखीपाळखी, 'पुल' म्हणजे वापरणं: वाटणी झाली. 'बीन्स' म्हणजे गुपित, 'स्पिल' म्हणजे फोडणं: झाली. 'बकेट' म्हणजे मरणातलं काय? काहीच नाही. ज्या शब्दाच्या वाट्याला अर्थ येत नाही तो जागचा हलत नाही. मराठीतही हेच चालतं. बिंग फुटलं, बिंग फोडलं, कसलं बिंग, कुणाचं बिंग, सगळं चालतं. पण 'पोबारा केला' म्हटल्यावर 'कुठला पोबारा?' असं विचारता येत नाही. ही खूण दर वेळी शंभर टक्के लागू पडत नाही, तरी शंका आली तर न वाकवणं सुरक्षित.

दगडी वाक्प्रचारांतले बारीक शब्दही दगडीच. आपल्याकडच्या नेहमीच्या चुका अशा: 'बाय हुक ऑर क्रुक' म्हणतात, पुस्तकी रूपात 'बाय' दोनदा आहे, 'बाय हुक ऑर बाय क्रुक'. 'लीव्ह नो स्टोन्स अनटर्न्ड' नव्हे, 'स्टोन' एकच. 'फर्स्ट कम, फर्स्ट सर्व्ह' अशी पाटी बसस्टँडपासून लग्नाच्या हॉलपर्यंत दिसते; हवं 'सर्व्ह्ड'. 'ऑन टेंडर हुक्स' असं काही नसतं, 'टेंटरहुक्स' असतं. आणि 'रेड हँड पकडला' नव्हे, 'कॉट रेड-हँडेड'. हा मूळचा स्कॉटलंडच्या कायद्यातला, हातावर रक्त ओलं असताना पकडलेल्या खुन्याचा. आपल्या लाचलुचपतीच्या सापळ्यात तो शब्दशः खरा होतो: नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावतात, लाच घेणाऱ्याची बोटं सोड्याच्या द्रावणात बुडवली की पाणी गुलाबी होतं. 'रंगेहाथ' म्हणताना ते गुलाबी पाणी आठवा, शेवटचा 'एड' विसरणार नाही.

खानदेशात राहणाऱ्याला काही इंग्रजी वाक्प्रचार इतरांपेक्षा लवकर लागू पडायला हवेत, कारण त्यांचं मूळ कापूस, केळी आणि सोन्यात आहे.

सोन्यापासून सुरू करू. जळगावच्या सराफ बाजारात जुनी पद्धत माहीत असलेला सराफ दागिना काळ्या कसोटीवर घासतो, रेघ उमटते, त्या रेघेवर नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकतो. पितळ असेल तर रेघ विरते, सोनं असेल तर राहते. हीच 'ॲसिड टेस्ट'. म्हणून तिचा अर्थ 'कठीण परीक्षा' एवढाच नाही. खरं की खोटं याचा एका घावात निकाल लावणारी चाचणी. याद्यांमध्ये तिच्यासमोर 'अग्निपरीक्षा' लिहिलेलं असतं, ते नीट बसत नाही. अग्निपरीक्षेत माणूस सोसतो, ॲसिड टेस्टमध्ये वस्तूचा कस कळतो. वाक्य असं होईल: 'द फर्स्ट मान्सून विल बी द ॲसिड टेस्ट फॉर द न्यू फ्लायओव्हर.' किंवा 'द ॲसिड टेस्ट इज वेदर फार्मर्स बाय इट अगेन.' 'इज वेदर', म्हणजे '... की नाही', ही तिची आवडती चौकट आहे. पहिल्याच दिवशी कामाचा जाळ अनुभवला असेल तर 'बॅप्टिझम ऑफ फायर' वापरा, ती वेगळी गोष्ट.

कापडाकडे वळलो तर 'ऑन टेंटरहुक्स'. धुतलेलं लोकरीचं कापड आटू नये म्हणून लाकडी चौकटीवर आकड्यांना ताणून वाळत घालायचे. चौकट म्हणजे टेंटर, आकडे म्हणजे टेंटरहुक्स. निकालाच्या आदल्या रात्री आपला जीव टांगणीला लागतो, तिकडे माणूस आकड्यांवर ताणला जातो. इतकी नेमकी जोडी क्वचित मिळते. 'कॉटन ऑन' म्हणजे हळूहळू लक्षात येणं, ब्रिटिश आणि अनौपचारिक: 'इट टुक हिम अ वीक टु कॉटन ऑन.' 'रॅप समवन इन कॉटन वूल' म्हणजे तळहाताच्या फोडासारखं जपणं, पण कौतुकाने नव्हे. तळहाताच्या फोडात माया आहे, कॉटन वूलमध्ये 'एवढं जपून पोराला बिघडवताय' असा टोमणा आहे.

केळीच्या बाबतीत सावध राहा. 'गो बनानाज' म्हणजे वेडापिसा होणं किंवा भडकणं. 'बनाना स्किन' ब्रिटिश वर्तमानपत्रात नेत्यांच्या पायाखाली येते, म्हणजे फजितीला निमित्त होणारी बाब. रावेर-यावलच्या बागांवर निबंध लिहिताना जळगावला अभिमानाने 'बनाना रिपब्लिक' म्हणायचा मोह होऊ शकतो. तो आवरा. 1904 साली एका अमेरिकी कथालेखकाने होंडुरासवर बेतलेल्या काल्पनिक देशासाठी हा शब्द वापरला. त्याचा अर्थ परक्या कंपन्यांच्या मुठीतलं, भ्रष्ट, अस्थिर राज्य असा आहे. ती शिवी आहे.

एक गंमत मात्र खुशाल करा. 'कॅरीइंग कोल्स टु न्यूकॅसल' म्हणजे जिथे जे ढिगाने आहे तिथे तेच नेणं. न्यूकॅसल हे इंग्लंडच्या ईशान्येचं जुनं कोळशाचं बंदर. हा साचा इंग्रजी लेखक स्वतःच वाकवतात, त्यामुळे 'लाइक टेकिंग बनानाज टु जळगाव' म्हटलं तर, समोरच्याला जळगाव काय आहे ते एकदा सांगितल्यावर, ते शिकाऊपणाचं वाटत नाही. साचा ओळखून तो वाकवणं ही पुढच्या इयत्तेची खूण आहे.

अटलांटिकच्या दोन्ही बाजूंचे फरक फार वेळ खाण्यासारखे नाहीत, एक बाजू धरा आणि तीच ठेवा. ब्रिटिश लाकडाला हात लावतात, 'टच वुड'. अमेरिकन ठोठावतात, 'नॉक ऑन वुड'. ब्रिटनमध्ये वादळ चहाच्या कपात, अमेरिकेत किटलीत. लपवलेल्या गुपिताचा हाडांचा सापळा ब्रिटिश कपाटात की अमेरिकन क्लोझेटमध्ये, एवढंच. खरा धोका 'टेबल' या शब्दात आहे. ब्रिटनमध्ये 'टु टेबल अ प्रपोजल' म्हणजे प्रस्ताव चर्चेला आणणं, अमेरिकेत तोच बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी यावरून बराच वेळ वाद घालत बसले आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, असं चर्चिलने लिहून ठेवलं आहे. कंपनीच्या मीटिंगमध्ये हा शब्द टाळलेला बरा.

उत्पत्तीच्या कथांवर विश्वास ठेवण्याआधी थांबा. 'द होल नाइन यार्ड्स' नऊवारी लुगड्यावरून आला, हे ऐकायला छान आहे. पण अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्तमानपत्रांत तो नऊ वारांचाही सापडतो आणि सहा वारांचाही; 1912 मध्ये केंटकीत 'होल सिक्स यार्ड्स' छापलं आहे. सहावारी आणि नऊवारी दोन्ही हाती लागल्या, पण लुगडं नाही. 'बाइट द बुलेट' 1857 च्या काडतुसांवरून आला हेही तसंच. दातांनी तोडायचं ते काडतुसाचं कागदी वेष्टन होतं, गोळी नव्हे. आणि चाबकाचे फटके खाताना ओरडू नये म्हणून सैनिक गोळी चघळतात, ही नोंद 1796 च्या एका इंग्रजी बोलीकोशात आहे. त्याचा अर्थ मन घट्ट करून टाळलेली गोष्ट एकदाची उरकणं. 'कडू घोट' म्हणजे तो नव्हे, तो 'बिटर पिल': पहिल्यात तुम्ही निर्णय घेता, दुसऱ्यात पदरी आलेलं गिळता.

जाता जाता आपल्या घरच्या इंग्रजीबद्दल. 'आउट ऑफ स्टेशन'मधलं स्टेशन रेल्वेचं नाही, कंपनी सरकारच्या काळातलं साहेबाच्या नेमणुकीचं ठिकाण आहे. भुसावळात बसून हे वाक्य परदेशी सहकाऱ्याला लिहिलं तर तो नक्की रेल्वेचाच विचार करेल. 'आउट ऑफ टाउन' लिहा. 'आय पास्ड आउट इन 2019' म्हणजे बाहेरच्या माणसाला तुम्ही 2019 साली बेशुद्ध पडलात. 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'डू द नीडफुल' इथल्या कचेरीत बिनधास्त चालतं, बाहेर पाठवू नका.

मग शिकायचं कसं? चारशेची यादी दोन ढिगांत वाटा. एक ओळखीचा: ऐकला-वाचला की समजला, एवढंच पुरे. दुसरा वापराचा, तो चाळीसवर जाऊ देऊ नका. आठवड्याला पाचच घ्या. आठ आठवड्यांत चाळीस होतात. प्रत्येकासाठी वहीचं अर्धं पान, त्यावर क्रमाने पाच गोष्टी: त्याचं पूर्ण रूप, बारीक शब्दांसकट, त्यातलं काय बदलता येतं, काळ, व्यक्ती, एकवचन, शब्दकोशातलं ते तिरपं लेबल, मराठीतला सर्वांत जवळचा वाक्प्रचार आणि तो कुठे सुटतो, शेवटी एक मुद्दाम चुकीचं वाक्य, काट मारून. शेवटचे दोन रकाने बहुतेक जण गाळतात, आणि वर दिलेल्या पहिल्या तीन चुका नेमक्या तिथेच पकडल्या गेल्या असत्या. 'वन्स इन अ ब्लू मून'चं पान असं होईल: कपिलाषष्ठीचा योग लिहायचा मोह होतो, पण त्यात दुर्मीळ सुयोगाचा आनंद आहे, ब्लू मूनमध्ये फक्त विरळपणा आहे. खरी जोडी 'सठीसहामाशी'. चुकीचं वाक्य: 'मीटिंग यू इज अ वन्स इन अ ब्लू मून ऑनर.'

तोंडी वापरण्याआधी तो वाक्प्रचार तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका. यूग्लिश या संकेतस्थळावर शब्द टाकले की व्हिडिओतली तीच जागा ऐकू येते. लेखी रूप तपासायला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस आहे, खऱ्या वापरातल्या इंग्रजीचा दहा कोटी शब्दांचा संग्रह. तिथे वाक्प्रचाराच्या आजूबाजूला कोणते शब्द येतात ते पाहा. वीस उदाहरणं डोळ्यांखालून गेली की चौकट आपोआप बसते. दोन्हीकडे शोधूनही तुरळक सापडला तर तो पहिल्या ढिगात ढकला.

आयईएलटीएसबद्दल. बोलण्याची परीक्षा 11 ते 14 मिनिटांची, गुण चार निकषांवर समान. शब्दसंपदा त्यातला एकच निकष. वरच्या बँडच्या, म्हणजे गुणांच्या वरच्या पायऱ्यांच्या, वर्णनात 'इडिओमॅटिक' हा शब्द आहे आणि त्यावरूनच क्लासवाले याद्या वाटतात. तिथे त्याचा अर्थ 'त्या भाषेत नैसर्गिक वाटेल असं' इतका रुंद आहे. 'इट स्लिप्ड माय माइंड', 'आय एंडेड अप वॉकिंग होम', 'आय कुडंट बी बॉदर्ड' हेही त्यातच मोडतात आणि यांच्यावर कुणी हसत नाही. संपूर्ण परीक्षेत असे तीन-चार सहज आले तर भरपूर झाले. लेखी परीक्षेच्या निबंधात बोलीतले वाक्प्रचार जवळपास नकोतच.

तुमची चार वाक्यं आता अशी लिहा:

'माय बॉस ब्लॉक्ड माय प्रमोशन.' इथे वाक्प्रचार शोधत बसू नका, साधं वाक्य जास्त बोचतं.
'एव्हरीबडी गॉट ऑन द ग्रेव्ही ट्रेन व्हेन दॅट कॉन्ट्रॅक्ट केम थ्रू.'
'माय ग्रँडफादर पास्ड अवे लास्ट इयर.'
'इट वॉज पोअरिंग, सो आय वॉज लेट.' उशिराबद्दल 'सॉरी' आधी म्हणा, पाऊस नंतर सांगा.